लाटेवर स्वार होणारी घरगुती फळी

थर्मोकोलच्या मखराला सोनेरी स्प्रेचा रंग मारताना काय होते, हे तुम्ही पाहिले आहे का? २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी घातली. त्यामुळे हा अनुभव तुमच्यापेक्षा तुमच्या आईवडिलांना अधिक असेल. त्यांना विचारा. रंगाचा फवारा बसला की पांढऱ्याशुभ्र कमानीवर आधी बारीक खळगे पडतात, मग त्यांची भोके होतात आणि पाहता पाहता कमान उन्हातल्या मेणबत्तीसारखी खचते. प्रस्तुत लेखकाने शाळेच्या प्रदर्शनासाठी केलेला एक किल्ला असाच एका संध्याकाळी बुरुजांसकट बसला होता!

हीच फजिती सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या काही धडपड्या तरुणांची होत होती. त्यांना मखर करायचे नव्हते. समुद्राच्या लाटेवर उभे राहून किनाऱ्यापर्यंत घसरत येण्यासाठी लागणारी फळी, म्हणजे सर्फबोर्ड, त्यांना हलकी करून हवी होती. आज अमेरिकेतला हायस्कूलचा विद्यार्थी बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून फोमच्या लाद्या आणतो आणि मोटार ठेवण्याच्या खोलीत स्वतःची फळी स्वतः करतो. ती कशी करतात, तिच्यात कोणते विज्ञान दडले आहे आणि ती कुठे दगा देते, ते आज पाहू.

लाकडापासून फोमपर्यंत

लाटेवर उभे राहण्याची कला पॉलिनेशियातली, आणि ती पराकोटीला पोचली हवाई बेटांत. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील जेम्स किंग या अधिकाऱ्याने १७७९ साली तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. हवाईचे लोक कोआ, नीरफणस आणि विलिविली या झाडांच्या लाकडाच्या फळ्या करीत. विलिविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचाच त्या बेटांवरचा भाऊबंद. लाकूड तसेच मऊ, हलके. सरदारांच्या ‘ओलो’ नावाच्या लांबलचक फळ्या त्याच्या असत.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा खेळ कॅलिफोर्नियात रुजला. १९१२ आणि १९२० च्या ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणारा हवाईचा ड्यूक कहानामोकू याने तो जगभर नेला. पण तेव्हाच्या रेडवूडच्या अखंड फळ्यांचे वजन चाळीस-पंचेचाळीस किलोपर्यंत जाई. सिमेंटची एक गोणी खांद्यावर घेऊन वाळूतून चालण्यासारखेच ते! टॉम ब्लेक याने आतून पोकळ फळी काढली आणि १९३२ साली तिचे पेटंट मिळवले. १९३५ साली त्यानेच फळीच्या बुडाला मागे पहिल्यांदा कल्ला बसवला. पोकळ फळीत पाणी शिरे, ते काढायला बूच ठेवावे लागे. पुढे इक्वेडोरचे बाल्सा लाकूड आले. ते हलके खरे, पण पाणी पिणारे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युद्धकाळात विकसित झालेले काचतंतूंचे कापड, प्लास्टिकची राळ आणि पॉलिस्टायरीनचा फोम हे साहित्य सामान्य माणसाच्या हाती येऊ लागले. यांची सांगड घालणारा माणूस म्हणजे बॉब सिमन्स. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेला हा तरुण. सायकलच्या अपघातात त्याचा डावा हात कायमचा अधू झाला होता. जड फळी उचलणे त्याला इतरांपेक्षा अधिक जाचत असणार. वेगवान नौकांच्या बुडांवर लिंडसे लॉर्ड यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याने फळ्यांना लावून पाहिला. १९४९ च्या सुमारास त्याने फोमचा गाभा, वरखाली प्लायवूडचे पातळ पापुद्रे आणि कडेला बाल्सा अशी फळी तयार केली व तिच्यावर काचतंतू आणि राळ चढवली.

आता तुम्ही विचाराल, मध्ये प्लायवूड कशाला? फोमवर सरळ राळ का नाही लावली? याचे उत्तर तुमच्या मखरात आहे.

फोम विरघळतो तो का?

थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. स्टायरीनचे हजारो छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेली ही लांब साखळी. अशा साखळीरूप पदार्थाला बहुवारिक म्हणतात. घन पॉलिस्टायरीनची घनता दर लिटरला सुमारे १,०५० ग्रॅम असते. पॅकिंगच्या हलक्या थर्मोकोलची असते दर लिटरला साधारण १६ ग्रॅम. भागाकार करून पाहा: शंभर भागांत प्लास्टिक जेमतेम दीड भाग, बाकी साडेअठ्ठ्याण्णव भाग हवा!

या साखळ्या एकमेकींशेजारी नुसत्या पडून असतात, एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधलेल्या नसतात. त्यामुळे त्यांच्याशी जुळणारा द्रव मिळाला, की तो साखळ्यांच्या मधे शिरतो आणि त्यांना सुट्या करतो. भांड्यातल्या गुंतलेल्या शेवयांवर गरम दूध ओतावे तसे. रंगातले थिनर, नखांचा रंग पुसण्याचे ॲसिटोन, पेट्रोल हे असे द्रव आहेत. हवा निसटून जाते आणि तळाशी चिकट लगदा उरतो.

नौका आणि फळ्यांसाठी त्या काळी वापरात आलेली राळ पॉलिएस्टरची होती. ती पातळ राहावी म्हणून तिच्यात भरपूर प्रमाणात द्रवरूप स्टायरीन मिसळलेले असते. म्हणजे ज्या रेणूंपासून पॉलिस्टायरीन बनले, तेच रेणू द्रवरूपात! फोमला यापेक्षा जवळचा विद्रावक कोणता असणार? राळ लावली रे लावली, की गाभा वितळून खड्डा. म्हणून सिमन्सला मधे लाकडाचा पडदा लागला.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली वाट राळ तीच ठेवून फोम बदलण्याची. होबी ऑल्टर आणि त्याचा सहकारी गॉर्डन क्लार्क यांनी १९५८ साली लगुना बीचजवळ पॉलियुरेथेनच्या फोमचे गाभे काढायला सुरुवात केली. या फोमच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी जखडलेल्या असतात, त्यामुळे स्टायरीन त्यांना सोडवू शकत नाही. क्लार्कने १९६१ पासून स्वतःचा कारखाना चालवला आणि पुढची चार दशके अमेरिकेतल्या बहुतेक फळ्यांचा गाभा त्याच्या साच्यातून निघाला. ५ डिसेंबर २००५ रोजी त्याने कोणाला कल्पना न देता ग्राहकांना फॅक्स पाठवून कारखाना बंद केला. फळ्या करणाऱ्यांची तारांबळ उडाली. एका उद्योगाचा सगळा भार एका कारखान्यावर असला, की असे होते.

मग लोकांचे लक्ष दुसऱ्या वाटेकडे अधिक वळले. फोम पॉलिस्टायरीनचाच ठेवायचा आणि राळ बदलायची. ही राळ म्हणजे इपॉक्सी. हिच्यात स्टायरीन नसते, म्हणून फोमला धक्का लागत नाही. इपॉक्सी तुम्हाला अनोळखी नाही. तुटलेली कपबशी जोडायला दोन नळ्यांतले जे ॲरल्डाइट आणता, ते इपॉक्सीच. एका नळीत राळ, दुसरीत दृढीकारक.

इपॉक्सीच्या रेणूच्या टोकांना एक ऑक्सिजन आणि दोन कार्बन यांची त्रिकोणी कडी असतात. त्रिकोणात कोंबलेले हे बंध ताणलेल्या स्प्रिंगसारखे असतात, उघडायला टपलेले. दृढीकारकात अमाइन गटाचे रेणू असतात. त्यांच्यातला एकेक हायड्रोजन एकेक कडी उघडतो आणि तिथे जोड होतो. प्रत्येक रेणूला जोडाच्या अनेक जागा असल्याने शेवटी सारे द्रव्य म्हणजे एक अखंड जाळे होते. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. इथे एका कडीला एक हायड्रोजन असा चोख हिशोब आहे. पॉलिएस्टर राळेत टाकायचे द्रव्य केवळ क्रिया सुरू करून देते. ते एक टक्का टाकले काय नि दोन टक्के टाकले काय, फरक पडतो तो वेगात. इपॉक्सीत ‘लवकर वाळावे’ म्हणून दृढीकारक जास्त ओतले, तर जादा रेणूंना जोडीदारच मिळत नाही आणि फळी जन्मभर चिकट राहते. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच.

फळी घडते कशी?

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, न्यू जर्सीसारख्या थंड राज्यात, घरांच्या भिंतींत उष्णतारोधक म्हणून फोमच्या लाद्या बसवतात. चार फूट रुंद, आठ फूट लांब, गुलाबी किंवा निळ्या रंगाच्या. हा फोमही पॉलिस्टायरीनचाच, पण थर्मोकोलसारखा मण्यांचा नाही. वितळलेले प्लास्टिक यंत्रातून दाबून बाहेर काढताना फुगवलेले असते, त्यामुळे त्याच्या कोशिका बंद असतात आणि आत पाणी जवळजवळ शिरत नाही. घनता दर लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास. अशा एक इंच जाडीच्या दोन लाद्या घेतल्या, तर दोन-दोन फूट रुंदीच्या चार पट्ट्या होतात. फळीला तीन पुरतात. चौथी चुकांसाठी!

फळी सपाट नसते. तिचे नाक वर वळलेले असावे लागते, नाहीतर लाटेच्या उतारावर ते पाण्यात घुसते आणि स्वार डोक्यावरून पुढे फेकला जातो. हा बाक आणायची युक्ती मोठी सुंदर आहे. तुमची शंभर पानी वही हातात घेऊन वाकवा. पाने एकमेकांवरून सरकतात म्हणून ती सहज वाकते. आता वाकलेल्या अवस्थेत सगळी पाने एकमेकांना चिकटली असे समजा. ती पुन्हा सरळ होईल का? पाने मागे सरकल्याशिवाय वही सरळ होणार नाही. फोमच्या पट्ट्यांना मधे डिंक लावून, टोकांखाली ठोकळे ठेवून, वर विटांचे वजन देऊन रात्रभर ठेवले, की सकाळी बाक कायमचा बसलेला असतो. डिंक पॉलियुरेथेनचा असेल तर तो ओलाव्याने घट्ट होतो. फोममधून ओलावा येत नाही, म्हणून पट्टीवर आधी पाण्याचा हलका फवारा मारतात.

मग पुठ्ठ्याचा अर्धा नमुना मधल्या रेषेवर ठेवून एका बाजूने आखायचा आणि तोच उलटून दुसऱ्या बाजूने. दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. हातकरवतीने आकार कापायचा, रंध्याने आणि कानशीने कडा गोल करायच्या, शेवटी पॉलिश कागद. मण्यांचा फोम असेल तर बाक आणि जाडी तापलेल्या तारेने कापता येते. आपल्याकडे मखर करणारे कारागीर याच तारेने थर्मोकोलची नक्षी कापत. इथे एक तक्रार सर्वांची असते. डिंकाची रेघ फोमपेक्षा कडक असल्याने घासताना फोम झिजतो आणि रेघ उंचवट्यासारखी उरते. त्यावर घाई न करणे हाच उपाय. लादीची गुळगुळीत साय मात्र सगळीकडून खरवडून काढावीच लागते, कारण तिच्यावर राळ धरत नाही. आणि हा भुगा वाऱ्यावर सोडायचा नाही. तो समुद्रात गेला, तर मासे त्याला खाद्य समजतात.

इतके झाले की हातात येतो किलोभर वजनाचा, बोटाने दाबला तर खळगा पडेल असा एक फोमचा मासा. यावर माणूस उभा राहणार?

पापुद्र्याची करामत

इथे खरा प्राण ओतते ते काचतंतूंचे कापड. साधारणपणे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे. बुडाला एक थर, माथ्यावर दोन. त्यावर इपॉक्सी ओतून रबरी पट्टीने पसरली, की पांढरे कापड क्षणात पारदर्शक होते. काच आणि राळ यांचे वक्रीभवनांक जवळजवळ सारखे असल्यामुळे प्रकाशाला मधली सीमाच दिसत नाही. कापड कुठे पांढुरके दिसले, तर तिथे हवा राहिली असे समजावे.

असा एक थर जेमतेम पाव ते तृतीयांश मिलिमीटर जाडीचा. वरचा आणि खालचा एकेक थर थेट एकमेकांना चिकटवला असता, तर पोस्टकार्डापेक्षा थोडी जाड, लवलवणारी पट्टी मिळाली असती. पण त्यांच्यामधे सहा सेंटिमीटर फोम ठेवला की काय होते? फळी वाकायला लागली, की वरचा थर आखडायला हवा आणि खालचा ताणायला हवा. दोघेही त्याला नकार देतात, आणि ते मध्यरेषेपासून जितके लांब तितका त्यांचा नकार परिणामकारक. रेल्वेच्या रुळाचा माथा आणि बूड रुंद ठेवून मधला भाग बारीक का ठेवतात, त्याचे हेच कारण. थर ०.३ मिलिमीटरचे आणि अंतर ६० मिलिमीटर धरून गणित केले, तर ताठपणा सुमारे तीस हजार पट वाढतो! अट एवढीच, की मधला फोम जागचा सरकू नये आणि थर त्यापासून सुटू नयेत.

हे पटण्यासाठी घरी प्रयोग करा. दूरदर्शन संचाच्या किंवा शीतकपाटाच्या खोक्यातून निघालेल्या थर्मोकोलच्या तीस सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद, दीड सेंटिमीटर जाड अशा चार सारख्या पट्ट्या कापा. एक तशीच ठेवा. दोन पट्ट्यांच्या एकाच बाजूला आणि चौथीच्या दोन्ही बाजूंना वहीचा कागद पांढऱ्या फेविकॉलने नीट चिकटवा व एक दिवस वाळू द्या. दोन पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर पट्टी पुलासारखी ठेवून मध्यभागी दोऱ्याने पिशवी टांगा आणि तिच्यात गोट्या टाकत जा. एका बाजूला कागद असलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक कागद खाली करून आणि दुसरी कागद वर करून तपासा. कोणती लवकर तुटते आणि का, हे आकडे समोर ठेवून वर्गात सांगा. शिक्षकांनी गोट्यांच्या संख्येचा आलेख काढून घेतला तर उत्तम.

इपॉक्सीचा प्रयोग मात्र मोठ्या माणसाशिवाय करू नका. कारणे दोन. एक, दृढीकारक कातडीवर वारंवार लागले, तर शरीराला त्याचे वावडे निर्माण होते आणि एकदा झाले की ते सहसा जात नाही. मग थेंब लागला तरी पुरळ. म्हणून हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. दुसरे कारण उष्णतेचे. कड्या उघडताना उष्णता बाहेर पडते. पेल्यात भरपूर राळ कालवून ठेवली तर ती उष्णता कोंडते, तिने क्रियेचा वेग वाढतो, त्याने आणखी उष्णता. दहा अंशांनी तापमान वाढले की वेग सुमारे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. बघता बघता पेला धुमसू लागतो. जाणकार माणूस राळ थोडी थोडी कालवतो आणि लगेच फळीवर पसरून टाकतो. पातळ थरातून उष्णता निघून जाते.

आता एक गंमत. राळ लावायची वेळ कोणती? सकाळ की संध्याकाळ? वरवर पाहता सकाळ बरी, कारण पुढे ऊन तापते आणि राळ लवकर घट्ट होते. पण अनुभवी लोक संध्याकाळ पसंत करतात. फोममध्ये पस्तीस-एक लिटर हवा आहे. तापमान २० अंशांवरून ३५ अंशांवर गेले, तर चार्ल्सच्या नियमानुसार तिचे आकारमान सुमारे पाच टक्क्यांनी वाढू पाहते. म्हणजे पावणेदोन लिटर हवेला बाहेरची वाट हवी! मण्यांच्या फोममधून ती ओल्या राळेतून बुडबुडे काढत निघते आणि प्रत्येक बुडबुड्यामागे एक सूक्ष्म भोक राहते. संध्याकाळी तापमान उतरत असते, हवा आकसते, आणि राळ फोमच्या खाचांत ओढली जाते. पुस्तकातला नियम असा उपयोगी पडतो.

हीच हवा पुढे शत्रूही होते. उन्हात बंद मोटारीत फळी ठेवली, तर आतली हवा पापुद्र्याला ढकलते आणि मोठमोठे फोड येतात. निळ्या-गुलाबी फोमला हा रोग विशेष. त्याची हवा कोशिकांत कोंडलेली असते आणि गुळगुळीत फोमवर राळेची पकडही कमी असते. मण्यांच्या फोमच्या फळीला हवा सुटण्यासाठी लहानसा वायुमार्ग ठेवतात. दोन्ही फोमांपैकी चांगला कोणता, यावर तिकडे तावातावाने वाद होतात. माझे मत विचाराल तर पहिली फळी निळ्या-गुलाबी फोमची करावी. तो कापायला सोपा, आणि फळीला चीर पडलीच तर पाणी पीत नाही. फक्त तिला सावलीत ठेवायचे.

तरेल की बुडेल?

थर वाळले, वरून आणखी एक राळेचा हात देऊन तो घासला, प्लायवूडचे कल्ले काचतंतूंनी बुडाला पक्के केले, की फळी तयार. तिचा हिशोब करू. लांबी १८३ सेंटिमीटर, सर्वांत रुंद भाग ५३ आणि जाडी ६.५ सेंटिमीटर. तिघांचा गुणाकार सुमारे ६३ लिटर. पण फळी टोकांकडे आणि कडांकडे निमुळती असते, म्हणून यातला ५५ टक्के धरू. आले ३५ लिटर. गाभ्याचे वजन एक किलो, कापड आणि राळ मिळून दोन किलो. एकूण तीन किलो. पूर्वीच्या रेडवूडच्या फळीशी तुलना करा!

समुद्राच्या पाण्याची घनता लिटरला १.०२५ किलो. पूर्ण बुडवली तर ही फळी सुमारे ३६ किलो पाणी बाजूला सारते. स्वतःचे तीन किलो वजा जाता ती ३३ किलो भार पेलेल. आणि आपला स्वार तर ६० किलोंचा! पालथे पडून हाताने वल्हवताना काही बिघडत नाही, कारण अर्धवट पाण्यात असलेले त्याचे शरीर स्वतःही तरंगते. पण शांत पाण्यात तो फळीवर उभा राहिला, तर आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार फळीसकट खाली जाणार. जातोच. मग लाटेवर तो उभा राहतो कसा?

तळ्यावर चपट्या खापरीने भाकऱ्या काढल्या आहेत ना? खापरी पाण्यापेक्षा जड, तरी वेग असेपर्यंत पाण्यावरून टप्पे घेत जाते. फळीचेही तसेच. मीटरभर उंचीची लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोल पाण्यात येऊन फुटते. तिथे तिचा वेग सेकंदाला साडेतीन-चार मीटर असतो. चार मीटरच्या वेगाने पाणी आडवे येऊन आदळले, तर त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ८,२०० न्यूटन भरतो. फळी किंचित तिरकी असल्याने यातला लहानसाच वाटा तिला उचलायला मिळतो. समजा दहावा हिस्सा मिळाला आणि बुडाचा ०.३ चौरस मीटर भाग पाण्याला टेकला, तरी पंचवीस किलो भार उचलला जातो. आपल्याला कमी पडत होते सत्तावीस. लाटेच्या उतारावरून घसरताना वेग आणखी वाढतो, आणि हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला, तर बल सव्वादोन पट. फळी पाण्यातून वर येते, तरंगण्याचा वाटा कमी होतो आणि वेगाचा वाटा वाढत जातो. नौकांच्या बुडांवरचे पुस्तक सिमन्सने का चाळले, ते आता कळले असेल.

तो सिमन्स पुढे १९५४ साली कॅलिफोर्नियातील ला होया इथे लाटांवर असतानाच बुडून मरण पावला. वय अवघे ३५. फळी कितीही चांगली असली तरी समुद्र समुद्रच असतो. म्हणून घरगुती फळीची पहिली परीक्षा छातीभर पाण्यात, लहान लाटेत, कोणाला तरी किनाऱ्यावर उभे करून घ्यायची असते. फळी मोडते ती बहुधा लाटेचा माथा मधोमध कोसळला म्हणजे. तेव्हा वरचा थर दाबला जातो, फोमपासून सुटून आत चुरगळतो आणि मग खालचा एकटा पडतो. वरच्या बाजूला दोन थर दिले ते याच्यासाठी. उभ्या माणसाच्या टाचांचेही खळगे कमी पडतात, हा वेगळा फायदा.

सगळ्याच घरगुती फळ्यांना इतका खटाटोप लागत नाही. १९७१ च्या जुलैत टॉम मोरी नावाच्या अभियंत्याने हवाईतल्या आपल्या घरी पॉलिएथिलीन फोमचा एक तुकडा विजेच्या सुरीने कापला, वर्तमानपत्राचा कागद मधे धरून कपड्यांच्या इस्त्रीने त्याचा आकार ठीक केला आणि त्याच्यावर पालथे पडून लाटेवर गेला. त्यातूनच ‘बूगी बोर्ड’ जन्माला आला. काच नाही, राळ नाही. ती फळी मऊ आणि लवचिक, तिच्यावर उभे राहायचे नसते, म्हणून ताठपणाचा प्रश्नच येत नाही.

काच लावलेल्या फळीबाबत मात्र एक छोटे काम राहून जाते. पहिल्यांदा पाण्यात नेण्यापूर्वी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची आणि वजन ग्रॅमपर्यंत वहीत लिहून ठेवायचे. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. पण महिन्याभराने फळी धुऊन, वाळवून पुन्हा तोलली आणि ३,०५० ग्रॅमच्या जागी ३,३०० ग्रॅम भरली, तर पाव लिटर पाणी आत शिरले आहे. मग फळी उन्हात धरून बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे, तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि ती सावलीत उभी करून ठेवायची. पूर्ण वाळल्याशिवाय चिरेवर राळ लावायची नाही.